वाट पाहणारे नियम : एक्सएसएलटींतील साच्यांची जुळणी

मजकूर एकदांच जुळवावा आणि तो अनेक रूपांनीं वाचकांपुढें ठेवावा, ही आजच्या ग्रंथप्रकाशनांतली रोजची गरज आहे. एकच पुस्तक कागदावर छापावयाचें असतें, संगणकाच्या पडद्यावर दाखवावयाचें असतें, दृष्टि अधू झालेल्यांसाठीं मोठ्या अक्षरांत काढावयाचें असतें, आणि अंधांसाठीं ब्रेल लिपींत उतरवावयाचें असतें. प्रत्येक वेळीं तें नव्यानें जुळवीत बसलें तर श्रम वाढतातच, पण कांहीं तरी गळण्याचा आणि कांहीं तरी भलतें शिरण्याचा धोकाही दर वेळीं वाढतो. म्हणून मजकूर एका जागीं ठेवावा, त्यांतला कोणता भाग काय आहे एवढेंच त्यावर नोंदवावें, आणि त्याला रूप देण्याचे नियम दुसऱ्या जागीं लिहावे, अशी योजना रूढ झाली आहे. मजकुरावर नोंदी करण्याच्या या पद्धतीस एक्सएमएल म्हणतात. डब्ल्यूथ्रीसी या संस्थेनें १९९८ सालच्या फेब्रुवारींत तिची पहिली आवृत्ति मान्य केली. रूप देण्याचे नियम ज्या भाषेंत लिहावयाचे ती भाषा एक्सएसएलटी. तिची पहिली आवृत्ति जेम्स क्लार्क यांच्या संपादनाखालीं १६ नोव्हेंबर १९९९ रोजीं प्रसिद्ध झाली. पुढच्या दोन मोठ्या आवृत्त्या मायकेल के यांच्या संपादनाखालीं २००७ व २०१७ सालीं निघाल्या.

या भाषेंतल्या पुष्कळ गोष्टी पुस्तक वाचून समजतात. नवशिक्याला अडविणारी गोष्ट एकच असते. आपण लिहिलेला नियम केव्हां लागतो, आणि केव्हां लागत नाहीं? आजच्या भाषणांत मी तेवढ्या एकाच प्रश्नाचा विचार करणार आहें.

श्रोतेहो, उदाहरण प्रत्यक्ष अस्तित्वांत असलेलेंच घेऊं. जॉन बोसाक या गृहस्थांनीं शेक्सपिअरचीं नाटकें अशा नोंदींसह तयार केलीं. प्रथम १९९२ ते १९९४ या काळांत एसजीएमएल नांवाच्या जुन्या पद्धतीनें, आणि नंतर १९९६ ते १९९८ या काळांत एक्सएमएलमध्यें. एक्सएमएलची आखणी ज्या मंडळानें केली त्याचे प्रमुखही हेच बोसाक. त्यांचें 'हॅम्लेट' आपण समोर ठेवूं; आगरकरांनीं 'विकारविलसित' या नांवानें मराठींत आणलेलें तेंच हें नाटक. या फाइलींत सर्वांत बाहेरची नोंद नाटकाची आहे. तिच्या पोटांत नाटकाचें शीर्षक, पात्रांची यादी आणि पांच अंक. अंकाच्या पोटांत त्याचें शीर्षक आणि प्रवेश. प्रवेशाच्या पोटांत पुन्हां शीर्षक, रंगसूचना आणि भाषणें. आणि भाषणाच्या पोटांत वक्त्याचें नांव व एकेक ओळ. फाइलींतलीं मूळ नांवें इंग्रजी आहेत. मी मात्र नाटक, अंक, प्रवेश, शीर्षक, रंगसूचना, भाषण, वक्ता आणि ओळ असे आपले शब्द वापरीन. एक्सएमएलमध्यें नोंदींचीं नांवें देवनागरींत लिहिण्यास मुळींच आडकाठी नाहीं.

संगणक ही फाइल वाचतो तेव्हां त्याच्या दृष्टीनें ती ओळींची रांग राहत नाहीं, तिचा एक वृक्ष बनतो. मुळापाशीं सबंध दस्तऐवज. त्याला नाटक ही एकच मोठी फांदी. तिला अंकांच्या फांद्या, त्यांना प्रवेशांच्या, आणि शेवटीं पानांच्या जागीं प्रत्यक्ष अक्षरें. या वृक्षावरील प्रत्येक जागेला नोड म्हणतात. रूपांतराचें सर्व काम नोडांवर चालतें.

नियमपत्रक हा अनेक साच्यांचा संग्रह असतो. साच्याला इंग्रजींत टेम्प्लेट म्हणतात. प्रत्येक साच्याचे दोन भाग असतात. पहिल्या भागांत त्याची ओळख लिहिलेली असते, म्हणजे हा साचा कोणत्या नोडासाठीं आहे तें. यालाच मॅच म्हणतात. दुसऱ्या भागांत त्या नोडाचें काय करावयाचें तें सांगितलेलें असतें. येथेंच पहिली गैरसमजूत होते. नवशिक्याला वाटतें, 'ओळख : रंगसूचना' असा साचा लिहिला कीं संगणक नाटकभर हिंडून प्रत्येक रंगसूचना शोधून काढील. तसें होत नाहीं. साचा कोणाचा शोध करीत नाहीं. तो आपल्या जागीं बसून वाट पाहतो.

एखादी मोठी कचेरी डोळ्यांपुढें आणा. टपाल आलें कीं तें बारनिशीच्या कारकुनाकडे जातें. तो प्रत्येक कागद पाहतो, हा कोणाच्या टेबलाचा तें ठरवितो, आणि तेथें पाठवितो. टेबलावरचा कारकून उठून कागद शोधायला जात नाहीं. आला तर त्यावर काम करतो. आणि त्या कागदासोबत जोडपत्रें असतील तर तीं पुढें पाठवावयाचीं कीं नाहीं, हेंही त्याच्याच हातीं असतें. त्यानें शेरा मारून पुढें पाठविलीं तर तीं पुन्हां बारनिशींतून योग्य त्या टेबलाकडे जातात. त्यानें पाठविलीं नाहींत तर तीं तेथेंच राहतात, आणि पुढच्या टेबलाला तीं आलीं होतीं याचा पत्ताही लागत नाहीं.

एक्सएसएलटीचा कारभार नेमका असाच आहे. काम करणाऱ्या कार्यक्रमाला प्रोसेसर म्हणतात. तो आपला बारनिशीचा कारकून. आरंभीं त्याच्या हातीं वृक्षाचें मूळ असतें. त्यासाठीं योग्य साचा शोधून तो मूळ तेथें नेतो. त्या साच्यांत 'अप्लाय-टेम्प्लेट्स' अशी आज्ञा असली तर त्या नोडाच्या पोटांतले सर्व नोड एकामागून एक पुन्हां प्रोसेसरकडे येतात, आणि प्रत्येकासाठीं योग्य साच्याचा नवा शोध होतो. आज्ञेबरोबर निवडही सांगतां येते. 'फक्त भाषणें पाठवा' असें म्हटलें तर फक्त भाषणेंच जातात. साचे नियमपत्रकांत कोणत्या क्रमानें लिहिले आहेत याला येथें महत्त्व नाहीं. काम मजकुराच्या क्रमानें आणि पाठवणीच्या आज्ञेनें चालतें.

आतां प्रश्न असा कीं, एखाद्या नोडासाठीं कोणी साचाच लिहिलेला नसेल तर काय? त्यासाठीं भाषेनें कांहीं अंगभूत नियम आधींच देऊन ठेवले आहेत, आणि ते मुखोद्गत केल्याशिवाय या विषयांत पाऊल पुढें पडत नाहीं. मुळासाठीं व प्रत्येक नोंदीसाठीं अंगभूत नियम असा : स्वतः कांहीं लिहूं नका, पोटांतलें सारें पुढें पाठवा. अक्षरांसाठीं : जशींच्या तशीं उतरून द्या. टिपा व यंत्रासाठीं असलेल्या सूचना यांसाठीं : सोडून द्या. नोंदीला जोडलेले गुणधर्म, म्हणजे ॲट्रिब्यूट्स, हे पोटांतले नोड मानलेले नाहींत. म्हणून ते मुद्दाम निवडून पाठविल्याशिवाय कोठेंही जात नाहींत.

याची प्रचीति घेण्यासाठीं दोन प्रयोग करून पाहावे. पहिला : एकही साचा नसलेलें रिकामें नियमपत्रक 'हॅम्लेट'ला लावावें. काय निघेल? कांहींच नाहीं, असें वाटतें. प्रत्यक्षांत सबंध नाटक बाहेर पडतें. शीर्षकें, पात्रें, भाषणें, रंगसूचना सर्व एका प्रवाहांत, कोठेंही रूप नाहीं, आकार नाहीं. अंगभूत नियमांनीं एकेक नोंद उघडून तळाचीं अक्षरें उतरून दिलीं. दुसरा प्रयोग : फक्त अंकासाठीं एक साचा लिहावा, त्यांत 'येथें अंक सुरू होतो' एवढेंच वाक्य घालावें, आणि पुढें पाठविण्याची आज्ञा लिहूं नये. आतां नाटकाचें शीर्षक व पात्रांची यादी निघेल, 'येथें अंक सुरू होतो' हें वाक्य पांच वेळां निघेल, आणि नाटक संपेल. वीस प्रवेश, त्यांतला प्रत्येक शब्द, राजपुत्रासकट सर्व मंडळी नाहींशी झाली. संगणकानें तक्रारीचा एक शब्दही काढला नाहीं. त्याच्या दृष्टीनें कांहींच बिघडलें नव्हतें. अंकाचा साचा होता, त्यानें सांगितलें तेवढें केलें.

हें मौन या विषयांतली सर्वांत गंभीर गोष्ट आहे. व्याकरणाची चूक असेल तर यंत्र ताबडतोब अडतें. पाठवणी राहिली तर तें अडत नाहीं. छापील प्रत हातीं असलेला वाचक कदाचित् ताडून पाहील. परंतु तीच गळलेली ओळ ब्रेलच्या प्रतींत बोटांनीं वाचणाऱ्यास तेथें कांहीं होतें हें कळणार कसें?

माझा एक जुना विद्यार्थी पुस्तकांच्या रूपांतराचेंच काम करतो. एकदां तो म्हणाला, "सर, रंगसूचनेचा साचा लिहिला आहे, स्पेलिंग दहा वेळां तपासलें, तरी तो लागतच नाहीं."

मीं विचारलें, "रंगसूचना त्या साच्यापर्यंत पोंचविली कोणी?"

"पोंचवायची म्हणजे? साचा आहे ना तिच्या नांवाचा!"

"साचा आहे हें खरें. पण प्रवेशाचा साचा काय पुढें पाठवितो, तें वाचून दाखव."

त्यानें वाचलें. प्रवेशाच्या साच्यांत 'भाषणें पाठवा' एवढीच निवड होती. भाषणांच्या मधल्या साऱ्या रंगसूचना प्रवेशाच्याच टेबलावर पडून राहिल्या होत्या. निवड काढून टाकतांच त्या आपापल्या जागीं आल्या. साच्यांत दोष नव्हता; त्याच्यापर्यंत येणारी वाट मध्येंच बंद होती.

याच्या उलट प्रकारचा धोकाही याच नाटकांत दिसतो. दुसऱ्या प्रवेशांत हॅम्लेट जें पहिलें वाक्य बोलतो तें स्वगत आहे, आणि बोसाकांनीं 'स्वगत' ही रंगसूचना त्या ओळीच्या पोटांतच नोंदविली आहे. आतां ओळीच्या साच्यांत 'या नोडाचीं सर्व अक्षरें उतरून द्या' अशी आज्ञा लिहिली, तर 'स्वगत' हा शब्द हॅम्लेटच्याच तोंडीं जाऊन बसतो. रंगसूचनेचा साचा असतो, पण त्याला विचारलेलें नसतें. त्याऐवजीं 'पोटांतले नोड पुढें पाठवा' असें लिहिलें, तर अक्षरें अक्षरांच्या वाटेनें जातात, सूचना सूचनेच्या साच्याकडे जाऊन तिरप्या टायपांत येते. म्हणून ज्या नोंदीच्या पोटांत दुसरी नोंद असण्याचा संभव आहे तिचीं अक्षरें परस्पर उतरूं नयेत; पाठवणी करावी.

आतां ओळख कशी पटते तें पाहूं. साधी ओळख म्हणजे नुसतें नांव : 'शीर्षक'. परंतु आपल्या फाइलींत शीर्षकें चार ठिकाणीं आहेत. नाटकाचें, पात्रयादीचें, अंकाचें आणि प्रवेशाचें. सर्वांना सारखेंच रूप देऊन चालणार नाहीं. तेव्हां ओळखींत घराणेंही सांगतां येतें : 'अंक', मग तिरकी रेघ, मग 'शीर्षक'. ही ओळख प्रोसेसर उजवीकडून डावीकडे पडताळतो. हातांतला नोड शीर्षक आहे काय? आहे. त्याचा जनक अंक आहे काय? असेल तर ओळख पटली. नोड हातीं असतोच. फक्त त्याची चौकशी करावयाची असते. ओळखींत अटही घालतां येते. 'पहिलें भाषण' अशी अट घातली तर ती सबंध नाटकांतल्या पहिल्या भाषणापुरती नसते. आपापल्या प्रवेशांत जें पहिलें, त्या प्रत्येकाला ती लागते. 'हॅम्लेट'च्या वीस प्रवेशांत अशीं वीस भाषणें निघतील.

यांतून साहजिकच दुसरा प्रश्न उद्भवतो. एकाच नोडाला दोन साचे जुळले तर? अंकाच्या शीर्षकाला 'शीर्षक' हा साचाही जुळतो आणि 'अंकाचें शीर्षक' हाही जुळतो. संस्कृत व्याकरणाशीं ज्यांचा परिचय आहे त्यांना हा प्रश्न नवा वाटणार नाहीं. सामान्य नियम तो उत्सर्ग, विशेष नियम तो अपवाद, आणि अपवाद उत्सर्गाला बाजूस सारतो, हें तत्त्व आपल्या वैयाकरणांनीं फार पूर्वीं मांडलें. एक्सएसएलटी तेंच तत्त्व अंकांच्या भाषेंत मांडते. 'कोणतीही नोंद' अशा सर्वसामान्य ओळखीला उणे ०.५ अग्रक्रम; नुसत्या नांवाला ०; आणि घराणें किंवा अट सांगणाऱ्या ओळखीला ०.५. ज्याचा अग्रक्रम मोठा तो साचा लागतो.

परंतु येथें एक खळगा आहे. 'अंकाचें शीर्षक' आणि 'पहिल्या अंकाचें शीर्षक' या दोहोंत दुसरी ओळख अधिक विशेष आहे हें आपल्याला सहज दिसतें. यंत्राला तें दिसत नाहीं. दोन्ही ओळखी नुसत्या नांवाहून मोठ्या, म्हणून दोघींना सारखाच ०.५ अग्रक्रम. अपवादाचा अपवाद त्याला आपण होऊन कळत नाहीं. तेथें साच्यावर अग्रक्रम स्वतः आंकडा घालून लिहावा लागतो. तो लिहिला नाहीं तर बरोबरी होते. पहिल्या आवृत्तीनें अशी बरोबरी ही चूक मानली, पण प्रोसेसरनें चूक न कळवितां नियमपत्रकांत सर्वांत शेवटीं आलेला साचा निवडला तरी चालेल अशी मुभा ठेवली. २०१७ च्या आवृत्तींत शेवटचा साचा घेणें हाच मूळचा प्रघात ठरला. सारख्या बळाच्या दोन नियमांत नंतरचा नियम घ्यावा, हा पाणिनीच्या अष्टाध्यायीचाही परंपरेनें मानलेला न्याय आहे, याचें व्याकरणप्रेमी श्रोत्यांना कौतुक वाटेल. शहाण्यानें मात्र या न्यायावर विसंबूं नये. नियमपत्रकाची मांडणी बदलली कीं निकाल बदलतो.

अग्रक्रमाच्याही वर एक अधिकार आहे. एक नियमपत्रक दुसऱ्यास आंत आयात करूं शकतें. अशा वेळीं आयात करणाऱ्याचा साचा, त्याचा अग्रक्रम कितीही लहान असला तरी, आयात केलेल्या साच्यावर मात करतो. याचा फायदा मोठा आहे. दुसऱ्यानें लिहिलेलें शंभर साच्यांचें पत्रक तसेंच ठेवून, आपल्याला हवे ते दोनचार साचे वेगळ्या पत्रकांत लिहून भागतें.

पुस्तकाला अनुक्रमणिका लागते, आणि तिच्यांत शीर्षकें पुन्हां यावीं लागतात. तेंच शीर्षक एकदां मथळा म्हणून मोठ्या टायपांत, आणि एकदां अनुक्रमणिकेची ओळ म्हणून लहान टायपांत. यासाठीं साच्याला व पाठवणीला 'मोड', म्हणजे प्रसंगाचें नांव, जोडतां येतें. 'अनुक्रमणिका' या प्रसंगीं पाठविलेला नोड त्याच प्रसंगाच्या साच्यांकडे जातो; इतर साचे त्याच्याकडे पाहतही नाहींत. अंगभूत नियम मात्र प्रत्येक प्रसंगीं हजर असतात. म्हणून पाठवणी करतांना नेमकीं शीर्षकें निवडलीं नाहींत, तर अनुक्रमणिकेंत सबंध नाटक येऊन पडतें.

शेवटची अडचण नांवाविषयींची आहे. एका गांवांत दोन गणेश असले म्हणजे आपण आडनांवावरून ओळखतों. एक्सएमएलमध्येंही नोंदींना असें आडनांव असूं शकतें. त्याला नेमस्पेस म्हणतात. बोसाकांच्या नाटकांत तें नाहीं. परंतु टीईआय या विद्वन्मान्य पद्धतीच्या २००७ सालच्या आवृत्तीपासून तिच्या सर्व नोंदींना तें आहे. फाइलींत आडनांव एकदांच, वरच्या बाजूस लिहिलेलें असतें, आणि खालच्या सर्व नोंदी तें मुकाट्यानें धारण करतात. आपल्या साच्यांत नुसतें 'शीर्षक' असेल तर त्याचा अर्थ 'आडनांव नसलेलें शीर्षक' असा होतो, आणि एकही साचा जुळत नाहीं. मग अंगभूत नियम पुढें होतात आणि सबंध मजकूर आकारहीन होऊन वाहतो. आपल्या पहिल्या प्रयोगांत पाहिला तोच प्रवाह. यावर उपाय म्हणजे साच्यांतही तें आडनांव सांगणें. २००७ च्या आवृत्तीपासून तें सबंध नियमपत्रकासाठीं एकदांच सांगण्याची सोय आहे.

तेव्हां निकालावरून निदान करण्याची रीत अशी सांगतां येईल. मजकूर आला पण रूप आलें नाहीं, तर ओळख पटलेली नाहीं; नांव, घराणें व आडनांव तपासावें. मजकूरच आला नाहीं, तर वरच्या एखाद्या साच्यानें तो पुढें पाठविला नाहीं. वृक्षावर एकेक पायरी वर चढत तो साचा शोधावा. रूप आलें पण भलतेंच आलें, तर दोन साचे जुळून दुसराच वरचढ ठरला आहे, अग्रक्रम पाहावे. २०१७ च्या आवृत्तींत, साचा न जुळल्यास यंत्रानें इशारा द्यावा किंवा थेट अडावें, असेंही सांगून ठेवतां येतें. नवें नियमपत्रक लिहितांना ही सोय अवश्य वापरावी; तिच्यामुळें यंत्राचें मौन निदान एका बाजूनें सुटतें.

दुसरी बाजू मात्र माणसालाच सांभाळावी लागते. साचा जुळला, पण त्यानें पोटांतला मजकूर अडवून ठेवला, याचा इशारा कोणतेंही यंत्र देत नाहीं, कारण कधीं कधीं तसें करणेंच लेखकाला हवें असतें. म्हणून प्रत्येक साचा लिहून झाल्यावर आपल्याला दोन प्रश्न विचारावे : येथें नोड कोण पाठवितो, आणि येथून पुढें काय जातें? या दोन प्रश्नांचीं उत्तरें ज्याला प्रत्येक साच्याच्या बाबतींत देतां येतात, त्याला ही भाषा आली असें समजावें. आणि त्याच्या हातून निघालेली प्रत, ती डोळ्यांनीं वाचली जावो कीं बोटांनीं, मुळाशीं इमान राखील.